पप्पांनी खाल्लेली नोंद

"मॅडम, तुमच्या घरात भाकरीवर बुरशी आली तर तुम्ही ती टाकून देता, का जपून ठेवता?"

विचारलं! खरंच विचारलं. हॉलमध्ये मागनं तबस्सुमची कोंबडीसारखी खुक्क, आणि मग नववी अ, नववी ब आणि दारातले शिपाई मामा, सगळे एकदम फुटले. गायकवाड सरांनी माझ्याकडं असं बघितलं की शाळेचा दाखला आत्ताच हातात ठेवतील. पैज तबस्सुम आणि राजश्रीनं लावली होती. "संयू, तुझ्यात दम असेल तर एवढं विचारून दाखव." आता मी अकरावीत आहे आणि मला कुणी काही पैजेवर करायला सांगत नाही, कारण मी तशीही करते. पण त्या वर्षी हे सगळं नवीन होतं. आठवीपर्यंत मी हजेरीलासुद्धा पुटपुटायची. नववीत कबड्डीच्या संघात घेतलं, तालुक्याला आम्ही जिंकलो, आणि तिथं ओरडायला म्हणून जे तोंड उघडलं ते परत मिटलंच नाही.

पुण्याहून आलेल्या सबनीस मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि प्रश्न परीक्षेतला असल्यासारखं उत्तर दिलं.

"आधी भिंगातून बघते. मग भाकरी कशाची होती, कुठं ठेवली होती, ते लिहून काढते. मग टाकते. मग सासूबाईंची बोलणी खाते. नाव काय तुझं?"

"संयोगिता पोवार."

"पुढं ये संयोगिता. ज्याला असले प्रश्न पडतात त्याला काम दिलं पाहिजे."

आणि त्यांनी माझ्या हातात भिंग ठेवलं. घडीचं, काळं, दोरीला बांधलेलं. तबस्सुमचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मॅडम आमच्या आजऱ्याच्या वरच्या डोंगरात प्रवाळ बुरशी शोधायला आल्या होत्या. म्हणजे अशी अळंबी, जिला छत्री नसते, नुसत्या फांद्या असतात, पोवळ्यासारख्या. आम्हांला त्यात नवल काहीच नव्हतं. आमच्याकडं तसली पिवळी अळंबी उगवते, तिला आम्ही तुरे म्हणतो आणि कांदा-खोबरं घालून खातो. तसं मी म्हणालेसुद्धा. मॅडम म्हणाल्या, "तीच तर गंमत आहे. एकीसारख्या दहा दिसतात. काही खातात, काही पोटाची पार वाट लावतात, आणि काही काय करतात ते कुणालाच माहीत नाही. म्हणून आधी ओळख, मग बाकीचं."

ओळख कशी पटवायची तेही त्यांनी दाखवलं. एक फांदी काचेवर आडवी ठेवायची, वर वाटी पालथी घालायची. रात्रभरात तिच्यातनं पूड पडते, अगदी पिठासारखी. ते तिचं बी. त्या पुडीच्या रंगावरनं अर्धी ओळख पटते. उरलेली अळंबी चांगली खडखडीत वाळवायची. "काही सापडलं तर मला कळव. शनिवारी दुपारी मी तुमच्याच वाडीकडं येणार आहे," असं म्हणून त्यांनी भिंगाच्या दोरीला आपला नंबर बांधून दिला.

शुक्रवारी मला ती सापडली.

अंजनीच्या झाडाखाली, जिथं पाला कुजून काळा झालेला असतो तिथं. जांभळं खाल्ल्यावर जीभ होते ना, अगदी तसला रंग. वीतभर जागेत झुपकाच्या झुपका, आणि प्रत्येक फांदीला वर दोन-दोन टोकं, हरणाच्या शिंगांसारखी. मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले की खालच्या बांधावरची म्हैस मान वर करून बघायला लागली. पप्पांच्या जुन्या फोननं फोटो काढला. (त्यात माझा अंगठा आहे. तो अंगठा आता पुण्यापर्यंत जाऊन आलाय.) मग बुडापासनं अलगद सगळा झुपका काढला, केळीच्या पानात गुंडाळला आणि पळत घरी.

घरी कुणी नव्हतं. आई मामाकडं बारशाला गेली होती. पप्पा एसटीत ड्रायव्हर, त्यांची गाडी त्या रात्री दुसऱ्या गावी मुक्कामी होती. मी शेजारच्या गोदाकाकीकडं झोपायला जाणार होते. तर मी एक फांदी खिडकीच्या फुटक्या काचेवर ठेवली, वर स्टीलची वाटी पालथी घातली आणि ते सगळं देवळीत नीट ठेवलं. उरलेला झुपका वाळवायचा होता. श्रावणात आमच्याकडं उन्हात वाळवणं म्हणजे चेष्टाच. तिथं काहीही वाळवायचं असेल तर एकच जागा, चुलीच्या वर टांगलेली कळकाची ताटी. मी चूल पेटवली, भात टाकला आणि झुपका ताटीवर पसरला.

आता ताटीबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कुणाला खरं वाटणार नाही. आमच्या वाडीत अळंबी कुणालाही सापडली तरी ती एकट्यानं खात नाहीत. शेजारच्या घरी थोडी वाटणी द्यायची, पण हाक मारून नाही. दार उघडंच असतं. आत जायचं, ताटीवर ठेवायची आणि निघून यायचं. घरच्यांनी कुणी ठेवली ते विचारायचं नाही. विचारलं तर जणू परतफेडीचा हिशोब काढल्यासारखं होतं. ताटीवर आलं म्हणजे ते खायचं. बास. मला हे जन्मापासनं माहीत होतं, आणि त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात ते एकदासुद्धा आलं नाही. डोक्यात फक्त जांभळा रंग होता.

शनिवारी सकाळची शाळा. शाळा सुटली आणि मी वाडीचा चढ चढत होते, तेवढ्यात वरनं पप्पांची गाडी उतरत आली. आमची वाडी म्हणजे त्या गाडीचा शेवटचा थांबा. दुपारी गाडी पारापाशी उभी करून पप्पा घरी जेवायला येतात, कंडक्टर चौगुले काका देवळाच्या ओट्यावर आपला डबा खातात, आणि मग गाडी घाट उतरून आजऱ्याला जाते.

पप्पांनी गाडी हळू केली आणि खिडकीतनं डोकं बाहेर काढलं.

"संयू! आज तुझ्या आईनं काय झकास केलंतं म्हणून सांगू! पळ, तुझ्यासाठी वाटीत ठेवलंय!"

"काय केलंय?"

पण गाडी वळणावरनं गेली. मी खूश होऊन घरी. चपला काढतानाच म्हटलं, "आई, बारसं झालं? नाव काय ठेवलं?"

"शौर्य. आता सगळ्यांचीच पोरं शौर्य," आई चुलीपुढं तवा घासत होती. "हातपाय धू, वाढते. तुरे केलेत. तुझ्या वाटणीचे झाकून ठेवलेत बघ. माझा शनिवार, न्हाईतर मी पण खाल्ले असते. कुणी ठेवून गेलंय कुणास ठाऊक, चांगली ताटी भरून हुते. गोदाबाईच असणार."

मी वर बघितलं. ताटीवर दोन वाळक्या मिरच्या होत्या आणि पप्पांचा एक पायमोजा.

"आई," मी म्हणाले, "ते तुरे नव्हते."

"नसाय काय झालं? जरा धुरानं काळपटले हुते एवढंच."

"ते जांभळे होते. मी ठेवले होते. मॅडमसाठी. ते तुरे नव्हते, आई."

आईचा हात तव्यावर थांबला. "मग काय हुतं?"

"माहीत नाही."

आतापर्यंत शेकडो वेळा मी 'माहीत नाही' म्हणाले असेन. भूगोलाच्या तासाला तर रोज. पण त्या दिवशीचं 'माहीत नाही' तोंडातनं बाहेर पडलं आणि आई जिथं होती तिथंच खाली बसली. राखेचा हात तसाच. ती माझ्याकडं बघत नव्हती, पप्पांच्या ताटाकडं पण नाही. ती कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या त्या वाटीकडं बघत होती.

"पप्पांनी किती खाल्लं?"

"दोनदा मागून घेतलं," आई म्हणाली. त्यानंतर ती बोललीच नाही.

आमच्या घरात रेंज फक्त लाकडाच्या ढिगावर चढलं की येते. मी चढले. पप्पा गाडी चालवताना फोन उचलत नाहीत, म्हणून चौगुले काकांना लावला.

"हॅलो, काका, संयू बोलतेय. गाडी थांबवा."

"काय राह्यलं गं? डबा व्हय?"

"नाही काका. पप्पांनी जी भाजी खाल्ली ना, ती वेगळीच अळंबी होती. विषारी आहे का नाही ते माहीत नाही. गाडी थांबवा."

पलीकडं क्षणभर नुसता गाडीचा घरघराट. मग काका हसायला लागले. खरंच हसायला लागले! "आगं बये, तुझं ते भाकरीचं कळलं की सगळ्या तालुक्याला. आता माझ्यावर पैज लागली व्हय? किती पोरी उभ्या हायत तिथं?"

"कोणी नाही काका. मी एकटी आहे. खरं सांगते."

"तुझे पप्पा मस्त शिट्टी वाजवत गाडी मारायलेत. हे बघ, माणसं बसलीत, उशीर झालाय..."

आठवीतली संयू असती तर तिथंच रडली असती. मी रडले नाही. मला एकदम माझा कबड्डीतला आवाज सापडला, तो पोटातनं येणारा.

"चौगुले काका! तुम्ही खिंडीच्या अलीकडं आहात ना? खिंडीनंतर घाट लागतो. उतारावर पप्पांच्या पोटात कळ आली आणि हातातनं स्टेअरिंग सुटलं तर गाडी कोण धरणार? तुम्ही? माझं खोटं निघालं तर माझे कान धरा, सगळ्या डेपोसमोर धरा. पण आत्ता घंटी मारा!"

फोनमधनं टण् असा एकच आवाज आला. घंटीचा. एकच. गाडी थांबवायची.

मग मॅडमना लावला. त्या वाडीच्या रस्त्यालाच लागल्या होत्या, त्यांच्या जीपमध्ये, स्वतः चालवत. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी एकही प्रश्न मध्ये विचारला नाही. मग म्हणाल्या, "उरलेली भाजी आहे? तीच वाटी, तशीच झाकून घे. कुणी चाखायची नाही. काचेवर फांदी ठेवली होतीस? ती काच घे. हात न लावता. आईला बरोबर घे. मी येतेच."

खिंडीत पोचलो तर गाडी कडेला उभी, आणि पप्पा मैलाच्या दगडावर कमरेवर हात ठेवून बसलेले. गाडीतली माणसं खाली उतरून त्यांच्याभोवती गोळा झालेली. एक म्हातारी त्यांना जबरदस्तीनं लिंबू चोखायला लावत होती. दुसरा ड्रायव्हर डेपोतनं निघाला होता.

"मला काय बी झालेलं न्हाई!" पप्पा आम्हांला बघून ओरडले. "ढेकर आलीय नुसती! पंधरा वर्षांत माझी गाडी अशी अधे-मधे थांबली न्हाई, आणि माझ्याच पोरीनं..."

"पोवार, जीपमध्ये बसा," सबनीस मॅडम म्हणाल्या. "भांडण दवाखान्यात करा. मी पण भांडेन."

पप्पा बसले. आई मागं बसली, वाटी पदराखाली घट्ट धरून. पप्पा वाटेत दोनदा म्हणाले, "आगं, काय तरी बोल की." ती बोलली नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर मुजावर होते. तरुण, पण कपाळाला आठी म्हाताऱ्यासारखी. त्यांनी पप्पांना झोपवलं, नाडी बघितली, सलाईन लावली आणि आमच्याकडं वळले. "काय खाल्लं?"

"अळंबी," मी म्हणाले.

"कुठली?"

परत तेच. मॅडम म्हणाल्या, "बघावं लागेल."

"लवकर बघा. उलट्या-जुलाबावर थांबणारी असेल तर इथं सांभाळतो. लिव्हरवर जाणारी असेल तर आत्ताच कोल्हापूरला हलवायला पाहिजे. अँब्युलन्स दारात आहे, पण एकदा गेली की संध्याकाळपर्यंत तालुक्याला दुसरी नाही. अंदाजे सांगू नका."

रक्त तपासायच्या खोलीत सूक्ष्मदर्शक होता. मॅडमनी वाटीतला एक शिजलेला तुकडा चिमट्यानं उचलला, बघितला आणि बाजूला ठेवला. "शिजून लगदा झालाय. काच दे."

मी काचेवरची पालथी वाटी उचलली. फांदी सुकून काचेला चिकटली होती. मॅडमनी ती सोडवली. आणि काच... काच कोरी होती. स्वच्छ. पलीकडचं टेबल दिसत होतं. रात्रभरात काहीच पडलं नव्हतं. मी काहीतरी चुकवलं होतं.

"पडलीच नाही," मी म्हणाले. "पूड पडलीच नाही मॅडम."

"पिवळट किंवा तांबूस पूड असती तर लगेच दिसली असती," मॅडम हळूच म्हणाल्या. त्या काचेकडं नाही, माझ्याकडं बघत होत्या. "नसेल पडली. किंवा?"

किंवा. मी काच परत हातात घेतली. खिडकीकडं धरली, काही नाही. दाराआड पप्पांची काळी छत्री टेकवलेली होती, जीपमधनं आणलेली. मी काच त्या छत्रीच्या कापडासमोर धरली.

आणि ती दिसली! फांदीच्या दोन्ही टोकांसकट, हरणाचं शिंग जसंच्या तसं, पांढऱ्या पिठानं काढलेलं. रांगोळीसारखं. काचेवर पांढरं दिसत नव्हतं एवढंच.

"पांढरी आहे!" मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेरची नर्स आत डोकावली. "मॅडम, पांढरी आहे! पांढरी म्हणजे?"

"पांढरी म्हणजे ज्या प्रवाळ बुरशा पोट बिघडवतात असं मला माहीत आहे, त्यांच्यातली ही नाही. त्यांची पूड पिवळट असते आणि बी खडबडीत. पण थांब, अजून एक." त्यांनी चिमूटभर पूड काचपट्टीवर घेतली, पाण्याचा थेंब टाकला, डोळा लावला. मग बाजूला सरकल्या. "तू बघ. मला सांग काय दिसतं."

"मी?"

"झुपका तू शोधलास ना?"

मी डोळा लावला. आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग गोल गोल, बारीक, पाण्यात हळूच तरंगणारे.

"साबुदाणा," मी म्हणाले.

"काटे आहेत? खडबडीत आहेत?"

"नाही. एकदम गुळगुळीत. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे."

मॅडमनी स्वतः परत एकदा डोळा लावून बघितलं. त्या बाहेर गेल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "लिव्हरवर जाणाऱ्या त्या गटातली ही नक्की नाही. त्या छत्रीवाल्या असतात, ही फांद्यांची आहे. फांद्यांच्यातल्या त्रास देणाऱ्यांपैकीही नाही. ही खायला चांगली आहे असं मात्र मी म्हणणार नाही. कुणी खाऊन बघितल्याचं मला माहीत नाही."

"मग सकाळपर्यंत इथंच ठेवतो," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांच्या कपाळावरची आठी पहिल्यांदा गेली. त्यांनी अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला हातानंच खूण केली, बस तू, चहा घे. "काकू, घाबरू नका. तुम्हीपण चहा घ्या."

आईनं चहा घेतला नाही. ती पप्पांच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसली आणि सलाईनचे थेंब बघत राहिली.

सकाळी पप्पा इतके धडधाकट होते की नर्सला कंटाळा आला होता. त्यांनी दोन केळी खाल्ली, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना आजरा-गडहिंग्लज गाडीच्या वेळा पाठ करून सांगितल्या, आणि चौगुले काका भेटायला आले तेव्हा त्यांच्याकडनं डेपोतल्या सगळ्या बातम्या काढून घेतल्या. काका माझ्याकडं बघून नुसते कान पकडून गेले. स्वतःचे.

मग मॅडम आल्या. डोळे लाल, केस विस्कटलेले, पण चेहरा असा की आमच्या संघानं फायनल जिंकली तेव्हा आमच्या सरांचा झाला होता तसा.

"संयोगिता," त्या म्हणाल्या, "तुझा अंगठा सोडून बाकीचा फोटो रात्री आम्ही पुण्याच्या चार जणांनी बघितला. पुडीची मापं घेतली. ही जात आपल्या सह्याद्रीत आजपर्यंत कुणी नोंदवल्याचं आमच्यापैकी कुणाच्याही बघण्यात नाही. पार ईशान्येच्या डोंगरात मिळते, तीही क्वचित."

"म्हणजे?" पप्पा उठून बसले. "म्हणजे मी काय खाल्लं?"

"पोवार, तुम्ही इथली पहिली नोंद खाल्लीत."

"आयला," पप्पा म्हणाले. जरा अभिमानानंच.

मॅडमनी पेन काढलं. "चव कशी होती? लिहून घेते. अशी माहिती जगात आत्ता फक्त तुमच्याकडं आहे."

पप्पांनी विचार केला. आईकडं एकदा बघितलं. "चवीला बरी हुती. मीठ जरा कमी हुतं."

"मीठ कमी?"

आम्ही सगळे दचकलो. काल दुपारपासनं आई पहिल्यांदा बोलली होती.

"मीठ कमी हुतं? दोनदा मागून खाल्लासा की! तवा मीठ कमी न्हाई लागलं? जीव टांगणीला लावला माझा, सगळी रात थेंब मोजत बसले मी, आणि मीठ कमी?" आणि ती हसायला लागली. मोठ्यांदा, पप्पांच्या खांद्यावर चापट मारत. हसता हसता तिचा आवाज फुटला आणि तिनं पदर तोंडावर घेतला. पप्पा तिच्या पाठीवर थोपटत राहिले. सलाईनचा हात वाकडा करून. मी पण तिच्या कमरेला मिठी मारली. नर्स ओरडली, "आवो, सुई निघंल!" आणि मग आम्ही तिघंही हसलो. काल दुपारपासनं छातीवर बसलेलं काहीतरी उठून चालतं झालं.

मॅडम खिडकीबाहेर बघत थांबल्या होत्या. मग म्हणाल्या, "एकच अडचण आहे. पूड आहे, फोटो आहे. पण अख्खा नमुना हातात असल्याशिवाय ही नोंद कुणी मानणार नाही. पाऊस आहे तोवर ती परत उगवू शकते. जागा फक्त हिला माहीत आहे."

"न्हाई," आई म्हणाली. डोळे पुसत, पण आवाज पक्का. "बास झालं. हिनं डोंगरात पाऊल टाकायचं न्हाई. घरात अळंबी न्हाई, तुरे न्हाईत, काय न्हाई."

"आगं, झालं की आता," पप्पा म्हणाले. "मी ठणठणीत हाय."

"तुम्ही हायसा." आई थांबली. "हिची वाटी मी झाकून ठेवलीती. माझ्या हातानं. लेक दमून येईल म्हणून वरचे कवळे कवळे शेंडे निवडून ठेवलेते."

मला तेव्हा कळलं, ती काल पप्पांच्या ताटाकडं न बघता त्या वाटीकडं का बघत होती, आणि जीपमध्ये ती वाटी पदराखाली कशासाठी दाबून बसली होती. मला वाटलं होतं तपासायला.

आई तिच्या हातांकडं बघत होती. नखांत अजून कालची राख होती. "मला त्या चुलीपुढं बसावं वाटत न्हाई," ती म्हणाली.

माझ्या आईच्या हाताला चव आहे असं आख्खी वाडी म्हणते. आणि ती ते हात मांडीखाली लपवत होती. मी उभी राहिले, अगदी खाटेच्या पायथ्याशी, म्हणजे दोघांनाही मी नीट दिसेन.

"आई, पप्पा, मी ठरवलंय," मी म्हणाले. "उद्या मी परत अंजनीच्या झाडाखाली जाणार. एकटी नाही. आई, तू माझ्याबरोबर यायचंस. भिंगातून कसं बघायचं ते मी दाखवते, पण झुपका तू काढायचास, तुझ्या हातानं, आणि तूच तो मॅडमच्या हातात द्यायचास. आणि पप्पा, तुम्ही फक्त गाडी चालवायची. तोंड बंद ठेवून."